नऊ डावखुऱ्या गोगलगायी

धाकटीने आयुष्यातलं दीड वर्ष दगड काढण्यात घालवलं होतं. हे दगड मोबाइलवरच्या एका पळापळीच्या खेळातले. पळणाऱ्याच्या दोन्ही बाजूंनी जे दगड झरझर मागे पडतात, त्यांतले तीनशे दहा तिच्या हातचे. शेवाळलेले, तडकलेले, ओले, कोरडे, अर्धे मातीत गाडलेले. खेळणारा प्रत्येक दगड अर्धा सेकंद बघतो, आणि बघतो असं म्हणणंही जरा धाडसाचंच. तिची थोरली बहीण दातांची डॉक्टर होती आणि तिची जीभ तिच्या हत्यारांइतकीच टोकदार होती. ती तेव्हापासून धाकटीला 'दगडे' म्हणायची.

"दगडे, आज काय काढलंस?"

"दगड."

"आणि काल?"

"काल धोंडा."

दगडांच्या आधीचं वर्ष बुटांचं होतं. एका ऑनलाइन दुकानासाठी बुटांच्या फोटोंतून मागची जमीन, भिंत, सावली कापून टाकायची आणि बूट तेवढा पांढऱ्यावर ठेवायचा. दिवसाला ऐंशी जोड. साधा बूट दोन मिनिटांत सुटायचा, पण नाडीचा बूट आला की नाकी नऊ यायचे, कारण नाडीच्या प्रत्येक फासातून मागची जमीन डोकावत असते आणि ती प्रत्येक फासातून वेगळी काढावी लागते. त्या वर्षाने धाकटीला कडा बघायला शिकवलं. दगडांनी उजेड बघायला शिकवलं. हे तिला त्या वेळी कुणी सांगितलं असतं, तर तिने त्याच्या डोक्यात तीनशे अकरावा दगड घातला असता.

आणि या सगळ्याच्या आधी ती जीवशास्त्राची पदवीधर होती. कॉलेजात तिच्या प्रयोगवहीतला बेडूक अख्ख्या वर्गाने उतरवून घेतला होता, डाव्या डोळ्याखाली तिच्या हातून चुकून पडलेल्या रेघेसकट. तपासणाऱ्या बाईंनी सदतीस वह्यांतल्या सदतीस बेडकांना तीच सुरकुती बघितली आणि सगळ्यांना पैकीच्या पैकी गुण दिले.

त्यामुळे शहरातल्या निसर्ग संग्रहालयाला शास्त्रीय चित्रकार हवा आहे, चित्रं स्क्रीनवर काढता यायला हवीत आणि प्राण्या-वनस्पतींचं शिक्षण असल्यास उत्तम, ही जाहिरात वाचल्यावर धाकटीला वाटलं, ही आपल्याच मापाची बेतली आहे. अर्ज केला, चाचणीत एक मेलेला भुंगा काढून दाखवला, तीन महिन्यांच्या परीक्षेवर घेतलं. आता ते तीन महिने संपत आले होते. येत्या बुधवारी दुपारी नेमणुकीच्या कागदावर दोन सह्या व्हायच्या होत्या. वय सव्वीस, हातात अडीच वर्षांचं काम, आणि आजवरच्या एकाही ओळखपत्रावर 'चित्रकार' हा शब्द नव्हता. पहिल्यावर 'प्रतिमा सहायक' होतं, दुसऱ्यावर 'मालमत्ता विभाग', म्हणजे दगड. तिला तो शब्द हवा होता, आणि तो किती हवा आहे याचा ती घरात ताकास तूर लागू देत नव्हती.

पहिली सही करणार होते चित्रविभागाचे प्रमुख. सगळे त्यांना ठिपकेसाहेब म्हणायचे. तीस वर्षं त्यांनी शाईच्या ठिपक्यांनी चित्रं काढली होती. एका भुंग्याला अकरा हजार ठिपके, आणि ते मोजले होते असं ते शपथेवर सांगत. पन्नाशीनंतर डोळे कुरकुरायला लागले तेव्हा ते स्क्रीनवर आले, आणि आले ते असे की तरण्या पोरांना घाम फुटावा. धाकटीला त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "उजेड नेहमी डावीकडून, वरून. जगभर असाच काढतात. एका पानावरच्या चोवीस गोष्टींवर चोवीस दिशांनी उजेड पडला तर ते पान नाही, जत्रा आहे."

दुसरी सही शिंपलेबाईंची. संग्रहातल्या साठ हजार शंख-शिंपल्यांचा ताबा त्यांच्याकडे होता. त्या सगळ्यांना 'तुम्ही' म्हणत, शिपायालाही आणि संचालकांनाही, आणि दोघांना सारख्याच थंडपणे.

परीक्षेतलं शेवटचं काम म्हणजे नव्या माहितीपुस्तकातलं गोगलगायींचं पान. चोवीस जातींची चोवीस कवचं. शिंपलेबाई कवचांचा ट्रे तासाभरासाठी देत, नंतर तो कपाटात परत. धाकटी त्या तासात कवच समोर ठेवून बाह्यरेषा उतरवायची, वेढे मोजायची, फोटो काढायची. पुढचं काम त्या फोटोवरून, आधी नुसत्या राखाडी छटा, मग रंग. शुक्रवारी ठिपकेसाहेबांनी पान डोळ्यांत तेल घालून तपासलं. एका कवचाच्या कडेची चमक कमी करायला लावली आणि खाली आद्याक्षरं टाकली.

"सोमवारी बाईंकडे जाईल. त्या नकाशे बघितल्यासारखं बघतात. पण घाबरू नकोस, काम चोख आहे."

धाकटीने पानाची एक छापील प्रत घरी नेली. आनंद लपवायचा म्हटला तरी कागदाची सुरळी लपत नाही.

*

आई कपड्यांची दुरुस्ती करायची. बाहेरच्या खोलीत कापायचं मोठं टेबल, दोन यंत्रं, भिंतीला टांगलेले दुसऱ्यांचे कोट. शनिवारी सकाळी तिने टेबलावरचे तुकडे बाजूला सारून त्या जागी गोगलगायींचं पान पसरलं आणि चारही कोपऱ्यांवर कात्र्या ठेवल्या.

"छानच काढल्यास गं," ती म्हणाली. "हात लावला तर गुळगुळीत लागतील." मग मान तिरकी केली. "यातल्या काही डावखुऱ्या असतात का?"

"कसल्या डावखुऱ्या?"

"ही बघ. हिचं तोंड उजवीकडे. हिचंही उजवीकडे. आणि हिचं डावीकडे. कापड उलटं घालून कापलं की असं होतं. मी नवीन होते तेव्हा एका कोटाला दोन्ही डाव्या बाह्या लावल्या होत्या. गिऱ्हाईक घालून उभं राहिलं आणि म्हणालं, बाई, आता हात मागे बांधूनच फिरू का?"

धाकटी हसली नाही. ती पानावर वाकली.

गोगलगायीचं कवच टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून धरलं, की बहुतेक सगळ्या जातींत तोंड उजव्या हाताला येतं. काही मोजक्या जातींत ते डावीकडे असतं. हे तिला पहिल्या वर्षापासून माहीत होतं, परीक्षेत लिहिलेलं होतं. तिने बोट ठेवून मोजलं. चोवीसपैकी दहा डाव्या. तिच्या आठवणीप्रमाणे ट्रेमध्ये डावी जात एकच होती.

"आई, मी आरसा वापरते."

"कसला आरसा?"

स्क्रीनवर काम करणाऱ्या प्रत्येकाला ही खोड असते. एकच चित्र तासन्‌तास बघितलं की नजर त्याला सरावते आणि चूक दिसेनाशी होते. म्हणून दर काही मिनिटांनी एक बटण दाबून चित्र आरशात धरल्यासारखं उलटं करायचं. डोळा दचकतो, वाकडी बाजू लगेच वाकडी दिसते. दुरुस्त करायची, पुन्हा बटण दाबायचं. धाकटीचा डावा अंगठा हे काम तिला न विचारताच करायचा. घरच्या तिच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये ते बटण फक्त बघण्यापुरतं चित्र उलटं करतं. फाइल जशीच्या तशी राहते, कितीही वेळा दाबा. संग्रहालयातला प्रोग्रॅम वेगळा. तिथे तेच बटण खुद्द चित्रच उलटवतं. हा फरक तिला आज, या क्षणी, कात्र्यांच्या मधोमध उभं राहून कळत होता.

"म्हणजे सम वेळा दाबलं असेल तर चित्र सुलट," ती म्हणाली, "आणि विषम वेळा दाबलं असेल तर उलट."

"आणि समोर फोटो ठेवतेस ना? त्यात दिसलं नाही?"

"फोटो त्याच फाइलमध्ये, कोपऱ्यात लावलेला. तोही बरोबर उलटतो. दोघं मिळून खोटं बोलतात, आई. मग साक्षीदार कोण राहिला?"

थोरली शनिवारी उशिरा दवाखान्यात जायची. ती कप घेऊन आली, पानावर वाकली, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "गोगलगाय नि पोटात पाय म्हणतात ते उगाच नाही. कोण बघतंय त्या कुणीकडे वळल्या ते?"

"उद्या तू उजवीकडची दाढ सोडून डावीकडची उपटलीस," आई म्हणाली, "की सांगू का मी पेशंटला, कोण बघतंय म्हणून?"

"आमच्यात नाही होत तसं. एक्स-रेच्या फिल्मवर एका कोपऱ्यात उंचवटा असतो. बोट फिरवलं की कळतं कुठली बाजू पुढची. अडाण्यालाही कळतं." मग धाकटीचा चेहरा बघून तिचा आवाज जरा उतरला. "दगडे, नऊच आहेत ना? बटण दाबून उलटव. दोन मिनिटांचं काम."

"ताई, उजेड."

"काय उजेड?"

"रेषा काढून झाल्यावर चित्र उलटं झालं, आणि मग त्या उलट्या चित्रावर मी छटा दिल्या, उजेड डावीकडून धरून. आता चित्र सुलट केलं तर उजेड उजवीकडून पडेल. नऊच्या नऊ कवचांच्या सगळ्या छटा पुसून परत द्यायला लागतील."

थोरलीने कप टेबलावर ठेवला. आईने तो उचलून खिडकीत ठेवला, कारण त्या टेबलावर दुसऱ्यांचे कपडे असतात.

*

सोमवारी धाकटी ठिपकेसाहेबांच्या आधी शिंपलेबाईंच्या खोलीत गेली. खोलीत माणसांपेक्षा खणांना जागा जास्त होती. बाईंनी पान हातात घेतलं, चष्मा वर केला आणि धाकटीने तोंड उघडायच्या आतच म्हणाल्या, "या दहा डाव्या का आहेत?"

"तेच सांगायला आले होते. नऊ चुकून आहेत. एक खरी असावी, पण ट्रे बघितल्याशिवाय सांगणार नाही."

बाईंनी ट्रे काढला. दोघींनी एकेक कवच बोटांत धरून पानाशी लावलं. पंधरावं कवच चिमुकलं, तपकिरी, खरंच डावं. ते चित्रातही डावं होतं. धाकटीने सगळी डावी चित्रं घाईने उजवीकडे वळवली असती, तर एवढी एक बरोबर असलेली गोगलगायही चुकली असती. नऊ उलटी निघाली. बाईंनी कारण विचारलं. धाकटीने बटण, अंगठा, सम-विषम, सगळं सांगितलं.

"म्हणजे," शेवटी त्या म्हणाल्या, "नऊ चुकल्या असं तुम्ही म्हणता आहात."

"हो."

"माझ्या मते चोवीस चुकल्या. पंधरा बरोबर आल्या त्या नशिबाने. नाणं उडवून आलेलं बरोबर उत्तर मी बरोबर धरत नाही."

धाकटीला हे लागलं, आणि लागलं ते खरं होतं म्हणून. आपण तीन दिवस नऊंचंच तोंड बघत बसलो, पंधरांना कुणी विचारलंच नाही, हे तिच्यासारख्या मुलीला आधी सुचायला हवं होतं.

"बुधवारी दुपारपर्यंत पान द्याल?"

"देईन."

"आणि याच पद्धतीने तीन महिन्यांत आणखी काय काढलंत, तेही तपासा."

ठिपकेसाहेबांना सांगितलं तेव्हा ते आधी रागावले, मग स्वतःवर रागावले. आपण पानावर आद्याक्षरं टाकली होती, हे त्यांना जास्त झोंबलं. "मी उजेड बघत बसलो," ते म्हणाले. "काखेत कळसा आणि गावाला वळसा."

धाकटी कामाला लागली. आधी प्रत्येक फाइलच्या कोपऱ्यात, वेगळ्या लेयरवर, तिने मोठा लाल 'क' लिहिला. चित्र उलटलं की 'क' उलटतो, आणि उलटा 'क' झोपेतही खटकतो. छापायला देताना तो लेयर काढून टाकायचा. ही थोरलीच्या फिल्मवरच्या उंचवट्याची उसनवारी होती. मग एकेक कवच सुलट करून, छटा पुसून, नव्याने. आधी नुसत्या राखाडी, दूर जाऊन अंगठ्याच्या नखाएवढं करून बघायचं, तरीही गोल वाटतं का. वाटलं तर रंग. मंगळवारी दुपारपर्यंत पाच झाली.

मग डबा न उघडता ती खाली दालनांत गेली.

तीन महिन्यांतलं बाकीचं काम मोजकं होतं. दोन भुंगे. ते दोन्ही बाजूंनी सारखेच, उलटले तरी त्यांना पत्ता नाही. एक खेकडा, ज्याची एक नांगी राक्षसी मोठी असते. पण त्या जातीत अर्ध्या खेकड्यांची डावी नांगी मोठी आणि अर्ध्यांची उजवी, तेव्हा कुणाचं काही बिघडलं नव्हतं. एक चपटा मासा, दोन्ही डोळे एकाच बाजूला असलेला. तिने श्वास रोखून काचेतल्या माशाशी चित्र ताडून बघितलं. डोळे जिथे हवे तिथेच होते, म्हणजे नशिबाने. आणि वनस्पतींच्या दालनात, तिच्या उंचीहून मोठ्या फलकावर, काठीवर चढणारा घेवड्याचा वेल.

घेवड्याचा वेल नेहमी एकाच दिशेने वळतो. समोरून बघितलं तर डावीकडून उजवीकडे वर चढत जातो, साध्या स्क्रूच्या आट्यांसारखा. कुठल्याही गोलार्धात लावा, उन्हात लावा, सावलीत लावा. फलकावरचा वेल उजवीकडून डावीकडे चढत होता.

फलक दोन महिने तिथे होता. समोर एक वर्ग उभा होता, चाळीसेक मुलं, त्यांच्या बाई सांगत होत्या, "बघा, कसा पिळा घालून चढतो. वहीत काढून घ्या." मुलं खाली बसून काढायला लागली. धाकटीला सदतीस बेडूक आठवले आणि ती तिथून निघाली.

*

ठिपकेसाहेब खिडकीपाशी उभे राहून सफरचंद खात होते. तिने सांगितलं. ते चावता चावता थांबले.

"नक्की?"

"नक्की. वरच्या मजल्यावरचा खरा, वाळवलेला वेल बघून आले."

त्यांनी उरलेलं सफरचंद कागदात गुंडाळलं. "बस जरा. नियम तुला माहीत नाही म्हणून सांगतो. लावलेला फलक काढायचा तर चूक-नोंदीचा अर्ज भरावा लागतो. त्यात चूक करणाऱ्याचं नाव लागतं. परीक्षेवरच्या माणसाच्या नावावर असा अर्ज असला, तर त्या फेरीत त्याची नेमणूक पक्की होत नाही. पुढची फेरी तीन महिन्यांनी. तोवर ही जागा राहते की कुणी वरून उडवतो, देव जाणे. मागच्या वर्षी दोन जागा अशाच गेल्या."

धाकटी समोरच्या खुर्चीत बसली.

"गोगलगायी छापल्या गेल्या नव्हत्या. त्यांचा अर्ज लागत नाही. फलकाचा लागतो." त्यांनी आवाज खाली आणला, खोलीत दुसरं कुणी नसताना. "उद्या बुधवार. चार वाजता सह्या. परवा सकाळी तू माझ्याकडे ये, म्हण, साहेब, वेल उलटा आहे. मी अर्ज भरतो, फलक उतरवतो. वेल दोन महिने उलटा होता, आणखी दीड दिवस राहील. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी खोटं बोलायला सांगत नाहीये, पोरी. फक्त क्रम सांगतोय."

हे म्हणताना ते तिच्याकडे बघत नव्हते, आणि त्यावरून तिला कळलं की ते तिच्यासाठी आपल्या स्वभावाबाहेरचं काही करताहेत.

घरी तिने सांगितलं तेव्हा थोरलीने क्षणभरही वेळ घेतला नाही. "क्रम! हा माणूस हुशार आहे. ऐक त्याचं."

"आई?"

आई एका पँटची शिवण उसवत होती. "दीड दिवसाने वेल काही सुकत नाही," ती म्हणाली. "पण मला का विचारतेस? साहेबांनी सांगितलं तेव्हाच हो म्हणून आली असतीस, तर विचारलं नसतंस."

"म्हणजे सांगू की नको?"

"मी कुठे काय म्हटलं? शिवण उसवतेय मी."

*

बुधवारी बारा वाजता धाकटीने पान दिलं. शिंपलेबाईंनी पुन्हा ट्रे काढला आणि चोवीसही कवचं एकामागून एक लावून बघितली. मधे एकदा त्यांनी भिंग मागितलं. तेवीस उजव्या, एक डावी, उजेड सगळ्यांवर डावीकडून वरून. "उत्तम," त्या म्हणाल्या, आणि तो शब्द त्यांच्या तोंडून ऐकणारी ती त्या वर्षातली पहिलीच असावी.

चार वाजता तिघं ठिपकेसाहेबांच्या खोलीत बसले. टेबलावर नेमणुकीचा कागद. धाकटीला तो उलटा दिसत होता, पण उलटं वाचायची तिला आता सवय होती. नाव, खाली पद: चित्रकार. ठिपकेसाहेबांनी सही केली, कागद पुढे सरकवला. बाईंनी पेनाचं टोपण काढलं.

"एक विचारायचं होतं," त्या म्हणाल्या. "बाकीचं काम तपासायला सांगितलं होतं. तपासलंत?"

ठिपकेसाहेबांनी खिडकीबाहेर बघितलं.

उत्तरं अनेक होती. 'तपासतेय' हे एक. 'भुंगे, खेकडा, मासा ठीक आहेत' हेही एक, आणि त्यातला शब्दन्‌शब्द खरा होता. धाकटीने ती दोन्ही रात्रीपासून पाठ केली होती. पण बाई पेन उघडं धरून थांबल्या होत्या, आणि त्या पेनाने होणारी सही याच उत्तराच्या भरवशावर होणार होती. नाणं उडवून आलेली सही घेऊन काय करायचं?

"तपासलं," ती म्हणाली. "चार ठीक आहेत. घेवड्याचा वेल उलटा आहे. खालच्या दालनातला फलक."

बाईंनी टोपण परत लावलं. त्याचा 'टक्' असा आवाज झाला. "मग मला आज सही करता येत नाही."

"माहीत आहे."

"अर्जाचा नियम कळला आहे तुम्हाला?"

"काल कळला."

बाईंनी ठिपकेसाहेबांकडे बघितलं, मग धाकटीकडे, आणि त्यांना जे समजायचं ते समजलं असावं. "परीक्षेची मुदत तीन महिन्यांनी वाढवण्याची शिफारस मी लिहीन," त्या म्हणाल्या. "ती मान्य होईल की नाही, हे माझ्या हातात नाही." आणि उठून गेल्या.

दार लागल्यावर ठिपकेसाहेब फुटले. "दार उघडून दिलं होतं तुला! नुसतं आत यायचं होतं!"

"सर, त्यांनी विचारलं."

"विचारतात सगळेच! विचारलं म्हणून सांगायचं असतं?" त्यांनी आपली सही असलेला कागद उचलला, फाडावा की ठेवावा हे त्यांना ठरवता येईना, शेवटी खणात टाकला. "अर्ज आण. भरू. नाव मोठ्या अक्षरांत लिही, नाहीतर परत पाठवतात."

संध्याकाळी थोरली दारातच उभी होती. "मग? चित्रकार?"

"नाही. अजून तीन महिने दगडेच. तेही वरून हो आलं तर."

थोरलीच्या तोंडावर टोमणा तयार होता, तो दिसत होता. तिने तो गिळला आणि फक्त म्हणाली, "ये आत. बूट काढ."

*

मुदत वाढवल्याचं पत्र नऊ दिवसांनी आलं. तोवर धाकटी रोज येत होती, कारण येऊ नको असं कुणी म्हणालं नव्हतं. फलक उतरवला गेला. भिंतीवर चार स्क्रूंची भोकं आणि एक उजळ चौकोन राहिला.

पत्र आलं त्या सकाळी ठिपकेसाहेबांनी तिच्या टेबलावर एक कुंडी आदळली. कुंडीत घेवडा, वीतभर उंच, शेजारी रोवलेली काठी. वेल अजून काठीपर्यंत पोचला नव्हता, त्याचं टोक हवेत लोंबत होतं.

"वाळवलेल्यावरून काढायचा नाही," ते म्हणाले. "फोटोवरूनही नाही. हा घे. जितका चढेल तितकाच काढ."

"दोन आठवडे लागतील, सर."

"मग लागू देत. तीन महिने आहेत ना तुझ्याकडे?"

तिने कुंडी खिडकीशी सरकवली, वर एक काच आडवी टेकवली आणि वरून बघून वेलाचं टोक जिथे होतं तिथे काचेवर पेनाने खूण केली. दहा मिनिटांनी दुसरी. मग तिसरी. टोक उघड्या डोळ्यांना हलताना दिसत नव्हतं, पण प्रत्येक वेळी ते आधीच्या खुणेपासून सरकलेलं असायचं, घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने, आधार चाचपडत. मधल्या वेळात ती पानांच्या शिरा काढत होती. साहेब एकदा मागून येऊन बघून गेले. एकदा शिंपलेबाई दारातून डोकावल्या, काचेवरच्या खुणा मोजल्या आणि निघून गेल्या.

तेराव्या खुणेला टोक पुन्हा पहिल्या खुणेच्या जवळ आलं. तिने वेळ बघितली. बरोबर दोन तास. ती वहीत लिहून ठेवली, स्क्रीनच्या कोपऱ्यातला लाल 'क' सुलट आहे ना ते बघितलं, आणि काठीची पहिली रेघ ओढली.